थेंब जन्मतो तिथेच धरावा



दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर मागे रेलले, की डॉक्टर तोंडात एक बारीक यंत्र घालतात आणि कर्कश आवाज सुरू होतो. त्या आवाजाची भीती सगळ्यांनाच वाटते. त्याच वेळी तोंडातून बाहेर उडणाऱ्या धुक्याची मात्र कुणाला वाटत नाही, कारण ते नीट दिसतच नाही. आज मला त्या धुक्याविषयी बोलायचे आहे. ते कसे तयार होते, कुठवर जाते, किती वेळ हवेत राहते, आणि ते आवरण्यासाठी दंतवैद्यकाने गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत कोणती साधने काढली, हे सांगायचे आहे. यातली सर्वांत उपयोगी साधने साधी आहेत आणि तरी ती पुरती वापरली जात नाहीत. त्याचे कारण यंत्रांच्या किमतीत थोडे आहे. आपण आपले दवाखाने माणसांच्या बाबतीत कसे चालवतो, त्यात जास्त आहे.

हवेचा विचार आपल्या म्हैसूर शहराला नवा नाही. 1898 मध्ये प्लेग म्हैसूर संस्थानात शिरला, तेव्हा प्लेग कमिशनर म्हणून काम पाहिले ते व्ही. पी. माधवराव यांनी. विश्वनाथ पाटणकर माधवराव हे कुंभकोणमकडच्या मराठी घराण्यातले. पुढे ते त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. प्लेगच्या त्या धक्क्यानंतर 1903 मध्ये म्हैसूरला शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले, देशातल्या अशा पहिल्यावहिल्या संस्थांपैकी एक. दाट वस्त्या मोकळ्या केल्या गेल्या, रुंद रस्ते आखले गेले, घरांच्या मागे गल्ल्या सोडल्या गेल्या. प्लेग मुख्यतः पिसवांमुळे पसरतो हे आज आपल्याला ठाऊक आहे. तरीही त्या निमित्ताने या शहराला खेळती हवा मिळाली, आणि ती आजवर पुरली आहे.

क्षयाची गोष्ट मात्र थेट हवेचीच आहे. केआरएस रस्त्यावरचे पीकेटीबी आरोग्यधाम आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्या नावातली राजकुमारी कृष्णाजम्मण्णी ही चौथ्या कृष्णराज वडियारांची बहीण. ती आणि तिच्या मुली क्षयाने गेल्या. राजवाड्यात डॉक्टरांची, औषधांची, अन्नाची कशाचीच वाण नव्हती, पण त्या काळी क्षयावर औषधच नव्हते. राजाने बहिणीच्या स्मरणार्थ हे आरोग्यधाम उभारले. मोकळी हवा आणि विश्रांती एवढाच उपचार तेव्हा हाती होता.

क्षयाचा जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, हे नेमके कळायला पुढे बराच काळ गेला. 1934 मध्ये विल्यम वेल्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने मांडले, की खोकताना उडालेला बारीक थेंब जमिनीवर पोचण्याआधीच सुकतो आणि त्याचा उरलेला कण जंतूसह हवेत तरंगत राहतो. मोठा थेंब खाली पडतो, लहान थेंब हवेचाच भाग होतो. नंतर वेल्स आणि त्यांचे सहकारी रिचर्ड रायली यांनी बाल्टिमोरमधल्या एका रुग्णालयात क्षयरोग्यांच्या खोल्यांतली हवा नळांतून वर नेऊन गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. रोग्याला कधीही न पाहिलेल्या, त्याच्या जवळपासही न गेलेल्या त्या प्राण्यांना क्षय झाला. नळातून आलेली हवा एवढाच त्यांचा आणि रोग्याचा संबंध होता.

आता हे ज्ञान घेऊन दातांच्या खुर्चीपाशी येऊ. खोकला अधूनमधून येतो आणि माणूस तोंडावर रुमाल तरी धरतो. आमचे यंत्र मात्र उघड्या तोंडात सलग चालते.

1957 मध्ये अमेरिकेत जॉन बॉर्डन यांचे एअरोटर बाजारात आले. हवेच्या दाबावर फिरणारे हे यंत्र मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेते. त्याआधी पट्ट्याने फिरणाऱ्या संथ यंत्राने दात कोरणे म्हणजे रुग्णाला छळच होता. एअरोटरने तो छळ संपवला, आणि म्हणून आपल्याकडचे दंतवैद्य आजही कोणत्याही कंपनीच्या अशा यंत्राला एअरोटरच म्हणतात. पण एवढ्या वेगाने फिरणारी बर, म्हणजे यंत्राचे कोरणारे टोक, दातावर टेकली, की उष्णता निर्माण होते. झॅक आणि कोहेन यांनी 1965 मध्ये माकडांवर केलेला प्रयोग आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. दाताच्या आतले तापमान साडेपाच अंशांनी वाढले, तर सुमारे 15 टक्के दातांमधली जिवंत नस मरून गेली. म्हणून बरवर सतत पाण्याचा फवारा सोडावा लागतो. तो फवारा बरवर आपटतो, त्याचे तुकडे होतात, त्यात लाळ, रक्त, दाताची भुकटी आणि जुन्या सिमेंटचे कण मिसळतात, आणि हे सगळे हवेच्या झोताबरोबर तोंडाबाहेर पडते. पाणी बंद करणे हा यावरचा उपाय होऊ शकत नाही. दात वाचवायचा तर पाणी हवेच.

दात साफ करण्याचे अल्ट्रासोनिक स्केलर हे धुके निर्माण करण्यात एअरोटरच्याही पुढे असते. त्याचे टोक सेकंदाला पंचवीस हजार किंवा त्याहून जास्त वेळा कंप पावते. आणि या भागात दात साफ करून घ्यायला येणारे रुग्ण काही थोडे नाहीत. म्हैसूरचे विड्याचे पान भौगोलिक मानांकन मिळवून बसले आहे. त्या पानाबरोबर सुपारी येते, आणि दातांवर कीटणाचा थर येतो.

1969 मध्ये मिकिक, मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उडणाऱ्या पाण्याची पहिली नीट विभागणी केली. 50 मायक्रोमीटरपेक्षा मोठे ते शिंतोडे, त्याहून लहान ते एअरोसोल, म्हणजे तरंगणारे कण. शिंतोडा डॉक्टरांच्या चष्म्यावर, रुग्णाच्या छातीवर, ट्रेवर पडतो. तो दिसतो, पुसता येतो. खरा प्रश्न लहानांचा आहे. हिशेब करून पाहा. स्थिर हवेत 100 मायक्रोमीटरचा थेंब दीड मीटर उंचीवरून सहाएक सेकंदांत जमिनीवर येतो. 10 मायक्रोमीटरच्या कणाला आठेक मिनिटे लागतात. 5 मायक्रोमीटरच्या कणाला अर्धा तास. आणि 1 मायक्रोमीटरचा कण तेवढेच अंतर यायला बारा तासांच्या घरात वेळ घेतो, म्हणजे सकाळच्या रुग्णाच्या तोंडातून निघालेला कण हवा हललीच नाही तर संध्याकाळच्या रुग्णालाही भेटतो. प्रत्यक्षात हवा हलत असते, पण खिडकी बंद करून स्प्लिट एसी लावला, तर ती खोलीतल्या खोलीतच फिरते.

मग हे आवरायचे कसे? या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर एअरोटरच्याही आधीचे आहे. 1864 मध्ये न्यूयॉर्कच्या सॅनफोर्ड बार्नम यांनी रबराचा पातळ पडदा भोक पाडून दातावर बसवला. हेतू फक्त दात कोरडा ठेवण्याचा होता. पण एकदा रबर डॅम बसला, की बरखाली येणाऱ्या पाण्यात लाळ मिसळत नाही. धुके उडतेच, मात्र त्यातून तोंडातले बरेचसे जंतू वजा होतात. 1989 मध्ये लक्ष्मण समरनायके या मूळच्या श्रीलंकेच्या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजले, तेव्हा रबर डॅममुळे खुर्चीभोवतीच्या तीन फुटांतले हवेतले कण सुमारे 70 टक्क्यांनी घटलेले दिसले. रूट कॅनालसाठी हा पडदा हवाच, असे प्रत्येक पाठ्यपुस्तक सांगते. प्रत्येक महाविद्यालय तो शिकवते. पदवी घेऊन स्वतःचा दवाखाना टाकला, की अनेकांच्या हातून तो सुटतो. तो लावायला दोन मिनिटे जातात आणि एकट्याने लावताना जिकिरीचे होते. हा ‘एकट्याने’ शब्द लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याकडे येणार आहे.

दात साफ करताना मात्र रबर डॅम लावता येत नाही, कारण काम हिरडीच्या कडेला असते. तिथे सक्शनच लागते, आणि सक्शनचे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे ओठाच्या कडेला अडकवायची वाकडी प्लास्टिकची नळी. ती साचलेली लाळ ओढते, आणि बहुतेक रुग्णांना सक्शन म्हणून तेवढीच माहीत असते. हवेतले धुके ओढण्याची ताकद तिच्यात नाही. शिवाय रुग्णाने तिच्याभोवती ओठ मिटले, तर नळीतले पाणी उलटे तोंडात येऊ शकते. दुसरे ते मोठे सक्शन. त्याचे तोंड 8 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असते आणि ते मिनिटाला शंभर घनफुटांपर्यंत हवा खेचते. 2004 मध्ये हॅरेल आणि मोलिनारी यांनी तोवरचे अभ्यास एकत्र वाचून सांगितले, की हे मोठे सक्शन नीट धरले, तर बाहेर पडणारे धुके 90 टक्क्यांहून अधिक कमी होते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोली घ्या, आपल्याकडे लहान दवाखाने एवढेच असतात. ती हजार घनफुटांची झाली. पूर्ण ताकदीने चालणारे मोठे सक्शन खोलीतली सगळी हवा दहा मिनिटांत एकदा ओढून घेते. त्याचा पाइप इमारतीबाहेर सोडलेला असेल, तर तासाला सहा वेळा हवा बदलल्यासारखे होते, आणि तेही घाण हवा जिथे जन्मते तिथूनच. पाइप कुठे सोडला आहे हे मात्र पाहिले पाहिजे. मोटार खोलीतच ठेवली आणि तिचे तोंडही खोलीतच उघडले, तर आपण एका कोपऱ्यातले धुके दुसऱ्या कोपऱ्यात नेतो.

आपल्याकडे मिळणाऱ्या अनेक साध्या खुर्च्यांवर कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारे लहान सक्शनच बसवलेले असते. मोठे सक्शन म्हणजे वेगळी मोटार, वेगळी जागा, वेगळा खर्च. नव्या दंतवैद्याच्या डोक्यावर आधीच कर्ज असते, हे मी जाणतो. पण मोटार घेतली म्हणजे प्रश्न सुटला, असेही होत नाही. त्या नळीचे तोंड बरपासून बोटभर अंतरावर, योग्य कोनात, सतत धरून ठेवावे लागते. बर हलली की नळी हलली पाहिजे. डॉक्टरांच्या एका हातात एअरोटर, दुसऱ्यात आरसा. तिसरा हात कुठून आणायचा?

तो हात सहायिकेचा. ज्यांच्या स्मरणार्थ आज आपण जमलो आहोत, ते आमचे सर हे उत्तम जाणत होते. त्यांच्या विभागात विद्यार्थ्याला एअरोटर हातात मिळण्याआधी दुसऱ्याच्या रुग्णावर सक्शन धरायला लागायचे. जिभेला धक्का न लावता गालाच्या आत नळी कशी वळवावी, रुग्णाला उमासा आल्यावर ती कशी मागे घ्यावी, हे त्यांनी आम्हाला आधी शिकवले. दात कोरायला शिकवले ते नंतर.

इथे आपल्या भागातली एक अडचण सांगायला हवी, जी परदेशी पुस्तकांत सहसा सापडत नाही. सुपारी आणि गुटख्याने ज्यांच्या तोंडाची आतली त्वचा कडक झाली आहे, त्यांचे तोंड दोन बोटेही उघडत नाही. त्या फटीतून एअरोटर, आरसा आणि रुंद सक्शन एकाच वेळी आत जातच नाही. अशा वेळी सराव असलेली सहायिका नळी तोंडाबाहेर, ओठांच्या अगदी समोर धरते आणि धुके बाहेर पडताच ओढून घेते. नवखी सहायिका नळी बाजूला ठेवून देते. यंत्र दोघींकडेही तेच असते.

2020 हे वर्ष कोविड घेऊन आले आणि सगळ्या जगाचे लक्ष या धुक्याकडे गेले. आपल्या जिल्ह्यातले नंजनगूड म्हटले की आपल्या पिढीला आठवते ते दंतमंजन, बी. व्ही. पंडितांच्या 1913 मध्ये सुरू झालेल्या सद्वैद्यशाळेचे. त्या मार्चमध्ये त्याच नंजनगूडच्या एका औषध कारखान्यातल्या कोविड रुग्णांमुळे म्हैसूर जिल्ह्याचे नाव देशभर झाले. दातांचे दवाखाने बंद पडले. 19 मे रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंतवैद्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. 3 ऑगस्टला जागतिक आरोग्य संघटनेने तातडीचे नसलेले दातांचे उपचार काही काळ पुढे ढकलण्याचा सल्ला दिला. दुखणाऱ्या दाढा मात्र कुणाच्या सल्ल्यासाठी थांबल्या नाहीत.

आणि मग यंत्रांचा पूर आला. रुग्णाच्या छातीवर वाकून उभे राहणारे, स्वयंपाकघरातल्या चिमणीसारखे बाहेरचे सक्शन. हेपा गाळण्या, ज्या 0.3 मायक्रोमीटरचे 99.97 टक्के कण अडवतात, अतिनील दिवे, प्लास्टिकची खोकी, धूर सोडणारी फवारणी. यातले हेपा खरोखर चांगले. बाहेरचे सक्शन तोंडाच्या अगदी जवळ ठेवले तरच चांगले. प्लास्टिकच्या खोक्यांत हात घालून काम करणे धोक्याचेच होते, आणि फवारणीच्या यंत्रांवर खर्च झालेला पैसा वाया गेला, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या काळात घाबरलेल्या तरुण दंतवैद्यांनी कर्जे काढून घेतलेली बाहेरची सक्शने आज अनेक ठिकाणी आवाजामुळे बंद करून, कापड घालून ठेवलेली आहेत.

ऑक्टोबर 2020 मध्ये कॉक्रेन या संस्थेचा आढावा आला. त्याचे पहिले लेखक सुमंत कुंबरगेरे नागराज, मलेशियातल्या मेलाका-मणिपाल संस्थेतले. त्यांनी 16 अभ्यास आणि 425 सहभागी तपासले. निष्कर्ष विनम्र करणारा होता. एकाही अभ्यासाने रोग प्रत्यक्ष पसरला की नाही, हे मोजले नव्हते. मोजले होते ते फक्त थाळीवर वाढलेले जंतू. आणि मोठ्या सक्शनचा फायदा तोंडापासून साधारण एका फुटाच्या आत दिसत होता, त्यापलीकडे नाही. हा पुरावा कच्चा आहे असे ते स्वतःच म्हणतात. मला त्यातून एक गोष्ट पक्की वाटते. थेंब धरायचा तो त्या पहिल्या फुटात. एकदा तो निसटला, की त्याच्यामागे धावण्यासाठी लागणारी यंत्रे महाग असतात आणि त्यांचा उपयोग कमी असतो.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या दोन हजारांहून अधिक दंतवैद्यांच्या पाहणीत जून 2020 पर्यंत कोविड झालेल्यांचे प्रमाण एक टक्क्याहून कमी आढळले. मास्क आणि रुग्णांची आधी चौकशी, एवढ्याने बरेच साधले असावे. मग ओहायो स्टेट विद्यापीठात पूर्णिमा कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 28 रुग्णांवर उपचार चालू असताना उडालेले थेंब गोळा करून त्यांतल्या जंतूंची वंशावळ तपासली. बहुतेक जंतू लाळेतून आलेलेच नव्हते. ते आले होते खुर्चीच्या पाण्यातून. म्हणजे आम्ही रुग्णाच्या तोंडाकडे संशयाने पाहत होतो, आणि आमच्याच पाइपांच्या आतल्या बुळबुळीत थराकडे कुणी पाहत नव्हते. हा थर किती धोक्याचा असू शकतो, हे इटलीत 2011 मध्ये दिसले होते. 82 वर्षांच्या एका महिलेला दातांच्या खुर्चीच्या पाण्यातून लेजिओनेला जंतूचा न्यूमोनिया झाला आणि ती दगावली. खुर्चीच्या पाण्यात एका मिलिलिटरला जंतूंच्या 500 पेक्षा जास्त वसाहती असू नयेत, अशी अमेरिकेतली शिफारस आहे. आपल्याकडे किती दवाखान्यांत हे पाणी कधी तपासले गेले असेल? बाटली रोज रिकामी करून सुकवणे, दिवसाची सुरुवात पाइप दोन मिनिटे वाहते ठेवून करणे, ठरलेल्या दिवशी जंतुनाशक फिरवणे, हीसुद्धा सहायिकेचीच कामे आहेत.

यंत्रे सुधारत नाहीत असे नाही. लंडनच्या किंग्ज आणि इम्पिरियल या दोन कॉलेजांतल्या संशोधकांनी 2021 मध्ये दाखवले, की हवेऐवजी विजेच्या मोटरीवर चालणारे यंत्र थंड हवेच्या झोताशिवाय, मिनिटाला एक लाखापेक्षा कमी फेऱ्यांवर चालवले, तर थेंबांची निर्मिती साठपटीने घटते. दुसरा विचार शिकागोतला. अलेक्झांडर यारिन आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये पाण्यातच खाद्य दर्जाचे बहुलक मिसळून पाहिले. त्यातले एक होते झॅन्थन गम, सॉस आणि आइस्क्रीम घट्ट करायला वापरतात तेच. या पाण्याचे थेंब तुटतच नाहीत. ते तंतूसारखे ताणले जाते आणि परत मागे येते, त्यामुळे धुके तयार व्हायला जागाच राहत नाही.

हे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर चेलुवांबा महाल उभा राहिला. तिथे 1950 पासून केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. तो महाल ज्या राजकुमारीसाठी बांधला होता, तीही चौथ्या कृष्णराजांची बहीणच. खाण्यातले डिंक पाण्यात कसे वागतात हे जाणणारी माणसे या शहरात आहेत, आणि बन्नीमंटपला दंतमहाविद्यालयही आहे. असे पाणी दात पुरेसा थंड ठेवेल का, बारीक पाइपांत साचून जंतूंचे खाद्य होईल का, फिलिंग दाताला चिकटेल का, या प्रश्नांवर इथे प्रयोग व्हावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पण उद्या सकाळी जो दवाखाना उघडेल, त्याला प्रयोगांची वाट पाहता येणार नाही. तिथे सहायिका म्हणून एक मुलगी असेल, बहुधा वीस-बावीस वर्षांची, बहुधा शेजारच्या गावातून बसने येणारी. रुग्ण अर्धा तास ती धुक्याची हवा घेतो, डॉक्टर चांगला मास्क लावून घेतात, आणि ती दिवसभर त्या एका फुटात उभी असते. तिला रुग्णांना नंबर द्यायचे असतात, फोन घ्यायचा असतो, फरशी पुसायची असते, आणि उरलेल्या वेळात सक्शन धरायचे असते. 1948 च्या दंतवैद्य कायद्याने तीन नोंदवह्या ठेवल्या: दंतवैद्याची, डेंटल हायजिनिस्टची आणि दात बनवणाऱ्या मेकॅनिकची. सक्शन धरणारीची नोंद त्यांत नव्हती. 2023 मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा केला. त्याखालचे नियम लिहिणाऱ्यांकडे माझे मागणे असे आहे, की तिच्या कामाला ठरावीक शिक्षण असावे, आणि त्या शिक्षणात रबर डॅम लावणे, मोठे सक्शन धरणे आणि पाइपांचे पाणी राखणे या तीन गोष्टी हाताने करून दाखवल्याशिवाय कुणी पास होऊ नये. डॉक्टरांच्या तोंडावर असेल त्याच दर्जाचा मास्क तिच्याही तोंडावर असावा. आणि पगार असा असावा, की सहा महिन्यांत हात बसलेली मुलगी सातव्या महिन्यात कपड्यांच्या दुकानात निघून जाणार नाही. या सभागृहात बरेच दंतवैद्य बसले आहेत. आयोगाचे नियम येईपर्यंत शेवटच्या दोन गोष्टी तुमच्याच हातात आहेत.